तेवीस नंबरचा वारस

बुलढाणा,
गुरुवार, दुपार (तहसीलचं जेवण सुरू आहे, म्हणजे साडेतीनपर्यंत मी मोकळा)

आदरणीय बेबीताईस देवानंदचा सप्रेम जयभीम.

तुझे गुडघे कसे आहेत? भाऊजींनी साखर सोडली, की साखरेनंच भाऊजींचा नाद सोडला? नांदुऱ्याला ऊन कसं आहे ते विचारत नाही, कारण घाटाखाली ते बारा महिने तेच असतं आणि तू ते अशा आवाजात सांगतेस की जणू मीच वरून सोडलं. आम्ही घाटावर ठीक आहोत. सुवर्णाची कंबर अधूनमधून बोलते, सुवर्णा सतत बोलते. तुझी समता सुखरूप आहे, वेळेवर जेवते, आणि माझ्या घराच्या वरच्या खोलीत असं काही करते की ते कळायला मला चोवीस दिवस लागले. तेच आता लिहितो. फोनवर सांगितलं असतं, पण तू फोन स्पीकरवर टाकतेस आणि माझं बोलणं तुझ्याआधी तुझ्या गल्लीला समजतं. शिवाय अर्जनवीसाला तोंडी काही सांगायची सवय राहत नाही. अठ्ठावीस वर्षं तहसीलसमोरच्या टिनाखाली बसून लोकांची गाऱ्हाणी लिहिली. स्वतःचं आज पहिल्यांदा लिहितो आहे, त्यामुळे जरा लांबलं तर सोसून घे.

गाऱ्हाणं असं, की चोवीस दिवसांपूर्वीच्या सोमवारी, सकाळी अकरा वाजून दहा मिनिटांनी, माझी स्टीलची फूटपट्टी टेबलावर नव्हती. हसू नकोस. राज्यात याहून मोठे अन्याय होत असतील, पण ते माझ्या टेबलावर झालेले नाहीत. जात पडताळणीला वंशावळ लागते हे तुला माहीत आहे: आजा, पणजा, त्यांची पोरं, पोरांची पोरं, सगळे चौकटीत, आणि चौकटींमधून रेघा. रेघ वाकडी गेली की साहेबाला नातंच वाकडं वाटतं. वंशावळ काढणाऱ्याची पट्टी जाणं म्हणजे शर्ट अर्धा बेतलेला असताना शिंप्याची कात्री जाणं. त्या दिवशी मी स्टॅम्पपॅडच्या डबीच्या कडेनं रेघा मारल्या. मोताळ्याच्या एका गृहस्थाचे पणजोबा त्यामुळे तिरपे झाले आणि दोन चुलते एकाच चौकटीत दाटीवाटीनं बसले. अशी पट्टी आता मिळत नाही. (ती माझ्याकडे कशी आली हा स्वतंत्र विषय आहे, त्याची इथे गरज नाही.)

माझा पहिला संशय शेजारच्या टेबलावरच्या शालिग्रामवर गेला. तोही अर्जनवीस. तो अकरा वर्षांपासून त्या पट्टीकडे, लोक दुसऱ्याच्या ताटातल्या भज्याकडे बघतात तसा बघतो. मी त्याच्या टेबलाचा खण तो पाणी प्यायला गेला असताना उघडून पाहिला. आत पट्टी नव्हती, पण मी चार वर्षांपूर्वी हरवला म्हणून सोडून दिलेला, कागदाला भोकं पाडायचा माझा पंच होता. तो मी खिशात घातला, आणि दुसऱ्या दिवसापासून शालिग्राम माझ्याकडे संशयानं बघू लागला. दुसरा संशय सुवर्णावर, कारण फ्रिजखालचं काहीही काढायला तिला लांब वस्तू लागते. तिला विचारलं तर ती म्हणाली, "तुमच्या पट्टीले काय सोनं लागलं का? अन् मले कायले विचारता, वरतं विचारा ना." वरतं म्हणजे वरच्या खोलीत. तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला आणि तू सोपवलेलं काम आठवलं.

काम तू विसरली असशील असं नाही, पण नोंद असावी म्हणून लिहितो. पुण्याची नोकरी गेल्यावर समता माझ्याकडे राहायला आली, "मामा, तुमच्याकडे शांतता आहे" म्हणून. (माझ्याकडे सुवर्णा आहे. त्यावरून तुझ्याकडे किती शांतता असेल याचा अंदाज कर.) मग तुझा फोन आला: "देवा, पोरगी काय करून राह्यली ते पाह्य. लपवून राह्यली काहीतरी. दिवसभर कम्प्युटर अन् भिंतीवर कागद. टाइमपास असंल तर रविवारी घेऊन ये, जळगाव जामोदचं स्थळ येऊन राह्यलं. पोरगा विजेच्या ऑफिसात आहे." तो रविवार आता तीन दिवसांवर आला. म्हणजे तुझ्या पोरीचं पुढचं आयुष्य माझ्या हेरगिरीवर ठेवून तू मोकळी झालीस, आणि मला त्यासाठी साधी दुर्बीणही दिली नाहीस.

तेव्हा मी चहाचा आधार घेतला. हेरगिरीला चहासारखं दुसरं साधन नाही. कप हातात असला की माणूस कुठल्याही दारात उभा राहू शकतो. मी दिवसातून चार वेळा चहा वर नेऊ लागलो. (सुवर्णा म्हणाली, लग्नाला सव्वीस वर्षं झाली, मला एकदा तरी नेऊन दिला का. त्या दिवसापासून पाचवा कप तिचा झाला.) समता तिच्या पुण्याच्या मैत्रिणीशी, मंजुश्रीशी, फोनवर बोलत असायची. पहिल्या दिवशी दारातून ऐकू आलं, "अगं, पण हिचा बाप कोण दाखवू?" मी जिन्यावरच थांबलो. दुसऱ्या दिवशी, "त्याले घर द्यायचंच नाही, तो पत्त्याच्या जागीच बसते." तिसऱ्या दिवशी, "कोणी विचारत नसलं त्याले, की झाडूवाला येऊन उचलून नेते, जागा रिकामी." बेबीताई, मी बत्तीस गावांच्या वारसांची भांडणं लिहिली आहेत. बाप ठरवणं, घर न देणं आणि कोणी विचारत नसलेल्याला उचलून नेणं, या तीन गोष्टी एकाच आठवड्यात, एकाच खोलीत बोलल्या गेल्या तर पुढची पायरी दिवाणी कोर्ट असते. मी चहा स्वतःच पिऊन टाकला.

चौथ्या दिवशी ती आंघोळीला गेलेली पाहून मी आत शिरलो. समोरच्या भिंतीवर गेल्या वर्षीच्या कॅलेंडरची चार पानं पाठमोरी जोडून लावलेली (पुढच्या बाजूला माझ्या गॅस सिलिंडरच्या तारखा आहेत, हा आणखी एक अन्याय), आणि त्यावर वंशावळ. अस्सल वंशावळ, चौकटी, रेघा, सगळं. वर एकच मूळपुरुष, त्याचं नाव 'वस्तू'. खाली त्याची लेकरं: संख्या, चिन्ह, यादी, मजकूर, कार्यपद्धती आणि अजून काही. संख्येला पुन्हा पोटची पोरं. प्रत्येकाच्या डोक्यावर नंबर. आणि खिडकीच्या पट्टीवर, उन्हात तापत, माझी पट्टी.

पट्टी पाहून झालेला आनंद वंशावळ पाहून गेला. हे काय म्हणून विचारायची सोयच नव्हती, वरच ठळक लिहिलेलं होतं: प्रकारांची उतरंड. आता तू सांग. आपल्या बापानं, गुलाबरावांनी, धामणगाव बढ्यात ज्या पाणवठ्यावर त्याच्या बापाला उभं राहू देत नव्हते तिथं जाऊन हातपाय धुतले. आपल्या घरात कोणी 'उतरंड' शब्द उच्चारला तरी म्हातारा ताटावरून उठायचा. आणि त्याची नात भिंतीवर उतरंड काढते. नंबर देऊन. माझ्या पट्टीनं. समता केसांना टॉवेल गुंडाळून दारात आली तेव्हा मी साहेबासमोर उभ्या असलेल्या पक्षकारासारखा ताठ उभा होतो.

"मामा, तुमी माह्या खोलीत?"

"तू माह्या पट्टीजवळ?"

इथं दोघंही गुन्हेगार ठरलो, त्यामुळे चौकशी सौजन्यानं झाली. तिचं काम असं आहे. ती एक कम्पायलर बनवते आहे, स्कीम नावाच्या भाषेचा. (ही सरकारी स्कीम नव्हे, हे तिनं पहिल्या वाक्यातच सांगून टाकलं, त्यामुळे माझे तयार असलेले दोन-तीन विनोद वाया गेले.) कम्पायलर म्हणजे काय हे मला तिनं समजावायला घेतलं आणि अर्ध्यातच माझ्या लक्षात आलं की तो मीच आहे. पक्षकार येतो, वऱ्हाडीत रडतो, "साहेब, भावानं धुरा कोरला". मी ते साहेबाला कळणाऱ्या भाषेत करतो: 'सदर गैरअर्जदाराने सामाईक बांधावर अतिक्रमण केले असे की.' माणसाचं बोलणं यंत्राला चालेल असं करून देणारा तो कम्पायलर. तहसील हे यंत्र आहे याबद्दल मला कधीच शंका नव्हती.

मग मी मुद्द्यावर आलो. विचारलं, या उतरंडीत सगळ्यात खाली कोण, आणि त्याला खाली कोणी घातलं? समता माझ्याकडे, मी पक्षकाराकडे बघतो तशी बघू लागली. म्हणाली, "मामा, खालतं म्हणजे हलकं नाही. खालच्याजवळ वरच्याचं सगळं असते, अन् स्वतःचं जास्तीचं असते. वरच्याजवळ कमी. सगळ्यात वरतं जो 'वस्तू' बसला, त्याच्याजवळ काहीच नाही. तो फक्त आहे." म्हणजे जितका वर तितका रिकामा. हे शोधायला तिला कम्प्युटर लागला. मी अठ्ठावीस वर्षं तहसीलसमोर बसून फुकट बघतो आहे. पण माझा संशय एवढ्यानं जात नाही. मी विचारलं, मग यंत्राला कळतं कसं, कोण कोणाचा? दारावर जात लिहिता?

ती म्हणाली, यंत्राच्या आत नाव-गाव काही नसतं, नुसते आकडे. आठवणीच्या जागेत प्लॉट पाडलेले, आणि घर बांधायचं ते दर आठव्या प्लॉटवरच. त्यामुळे यंत्राच्या आकड्यात लिहिलं तर घराच्या पत्त्याची शेवटची तीन स्थानं कायम शून्य. जे कायम शून्य ते लिहून उपयोग नाही, म्हणून तिथं खूण करून ठेवायची, आत कोण राहतो त्याची. लहान पूर्णांकाला तर घरच देत नाहीत. पत्ता लिहायच्या जागेत तो स्वतः मावतो, शेपटीला खूण लावून तिथेच बसतो. (घर न देण्याचं प्रकरण ते हे. मी उगाच एक चहा प्यायलो.) बाकी बहुतेकांना घर, आणि घरात शिरताच पहिल्या ओळीत त्यांच्या प्रकाराचा नंबर. कशासाठी, तर मजकुरात चुकून कोणी दोन मिळवायला गेलं तर वेळीच हात धरता यावा म्हणून. "पण नावाले प्रकार नसते, मामा," ती म्हणाली. "नाव म्हणजे डबा. सकाळी त्यात आकडा ठेवा, संध्याकाळी यादी ठेवा, डबा काही म्हणत नाही. नाव वाचून आत काय आहे ते कळतच नाही."

यावर मी खाली बसलो. आपल्या जिल्ह्यात माणसाला पाणी देण्याआधी नाव विचारतात, नाव सांगितलं की म्हणतात "नाही, पूर्ण नाव?", आणि आडनाव ऐकून मग ठरवतात की पेला कुठला. आणि ही पोरगी अशी भाषा धरून बसली आहे जिथं नावावरून काही म्हणजे काही कळत नाही. मला तिथं राहायला आवडलं असतं. मी ते बोलून दाखवलं नाही. हेरानं खूश दिसू नये.

खरी मजा नंबरांची. मी वंशावळ काढतो तेव्हा 'अमका तमक्याच्या वंशातला आहे का' हे बघायला मुलावरून बापावर, बापावरून आज्यावर, असा एक एक पायरी चढत जातो. गुडघे तुझे दुखतात, पण चढलो मी. समताची पद्धत वेगळी. मूळपुरुषापासून नंबर टाकत जायचं, पण एकाची सगळी पिलावळ संपल्याशिवाय दुसऱ्या भावाकडे वळायचं नाही. मग प्रत्येक घराण्याचे नंबर सलग येतात. संख्या दोन, तर तिचा सगळा वंश दोन ते सहा. कोणीही आला, त्याचा नंबर दोन आणि सहाच्या मध्ये आहे एवढं पाहायचं. असला तर संख्येच्या घरचा, नसला तर नाही. चढायचं नाही, विचारायचं नाही, सरपंचाचा दाखला नाही. बेबीताई, मला त्या क्षणी माझ्या अठ्ठावीस वर्षांचा राग आला.

आणि तेव्हाच तिनं मला, कोणाला न सांगण्याच्या अटीवर (म्हणजे तुला), सांगितलं की येत्या सोमवारी सकाळी दहाला हैदराबादची तीन माणसं हे काम पडद्यावरून पाहणार आहेत. पसंत पडलं तर तिला तिथं असल्याच कामाची नोकरी. नाही पडलं तर आठ महिन्यांची मेहनत वाया. तुला आधी का नाही सांगितलं म्हणून मी दटावलं. ती म्हणाली, "आईले सांगतलं तर साऱ्या नांदुऱ्याले माहीत होते. अन् मग नाही झालं तर साऱ्या नांदुऱ्याले उत्तर द्या लागते." यात खोटं काय आहे ते तू मला कळव. पट्टी मात्र मी तिला सोमवारपर्यंत वापरायला दिली. तिनं ती उलटून पाहिली आणि विचारलं, "मामा, मागं हे काय कोरलं आहे?" मी म्हटलं, कंपनीचं नाव.

आता अपघाताकडे येतो. त्या वंशावळीत एक वारस राहिला होता: रिकामी यादी. ही बाई समजून घे. यादी म्हणजे जोड्यांची साखळी. प्रत्येक जोडीच्या एका हातात माल, दुसऱ्या हातात पुढच्या जोडीचा पत्ता. शेवटच्या जोडीच्या दुसऱ्या हातात काय? तर रिकामी यादी. ती साऱ्या गावात एकच, आणि सगळ्या याद्या तिच्याच दारात जाऊन संपतात. इतकी गरजेची, पण तोवर तिला वंशावळीत जागा नव्हती, नंबर नव्हता, नुसती एक खूण म्हणून बाहेर बसायची. (बाप कोण दाखवू, ते हिच्याबद्दल.) समतानं ठरवलं की हिला रीतसर आत घ्यायचं, जोडीची बहीण म्हणून, 'यादी'च्या पोटी. चांगलं काम. जेवताना तिनं मला विचारलं, "मामा, वंशावळ पक्की झाल्यावर एखादा वारस निघाला, तर तुमी कुठं टाकता?" माझ्या तोंडात भाकर होती आणि डोक्यात धंदा. मी म्हणालो, "शेवटी. पुढचा नंबर द्यायचा अन् रेघ ओढून बापाले जोडून द्यायचा. मधात घातला तर साऱ्यायचे नंबर बदलतात, कागद पुन्हा टाइप करा लागते. कोनी पाह्यत नाही व माय." आमच्या टिनाखाली सगळेच असं करतात. शालिग्रामनं तर एकदा आज्याला नातवाच्या नंतरचा नंबर दिला होता, आणि ते मंजूर झालं.

त्यानंतर दोन दिवसांनी तिचा कम्पायलर मरू लागला. कुठलीही यादी द्या, नीट चालायचा, चालायचा, आणि अगदी शेवटी येऊन पडायचा. पडताना पडद्यावर एकच वाक्य: ही यादी नाही. समतानं त्याच आठवड्यात आणखी एक भाग नव्यानं लिहिला होता, जो वापरात नसलेली घरं शोधून जागा साफ करतो. (फोनवरचा झाडूवाला तो हा.) तिचा सगळा संशय त्याच्यावर. तोच चालू घर पाडत असणार म्हणून तीन दिवस त्याची झडती चालली, ओळ न् ओळ उलटी करून. मी चहा घेऊन गेलो की ती म्हणायची, "मामा, झाडूवालाच आहे." माझ्या मनात आलं की आपलं नशीब मशीनमध्येही बदलत नाही; काही हरवलं, पडलं, मोडलं, की आधी झडती झाडूवाल्याची. तिसऱ्या दिवशी ती जेवली नाही. सुवर्णानं ताट वर नेलं, तसंच खाली आणलं. "पोरगी रडून राह्यली," ती म्हणाली, "अन् तुमी पट्टीवर ध्यान ठेवा."

काल सकाळी मी चहा घेऊन गेलो तेव्हा समता टेबलावर डोकं ठेवून बसली होती. भिंतीकडे बघण्याशिवाय मला काही काम नव्हतं. आणि अठ्ठावीस वर्षं लोकांच्या वंशावळी बघून डोळ्याला एक वाईट खोड लागली आहे: खोटा वारस आपोआप दिसतो. शेतीचा भाव वाढला की वंशावळीत माणसं वाढतात, आणि वाढलेल्या माणसाची शाई नेहमी ताजी असते. इथं सगळी वंशावळ काळ्या शाईची, आणि एकच चौकट निळी. डोक्यावर नंबर तेवीस.

"समता," मी म्हणालो, "हा वारस घुसवलेला आहे."

"कोणता?"

"हा तेवीस. यादीचं घराणं नऊ ते दहा. यादी नऊ, तिची पोरगी जोडी दहा. मंग दुसरी पोरगी तेवीस कशी? मधातली बारा मंडळी कोणाची? रेघ ओढली म्हणून नातं होत नाही. मले हे कोणी कागदावर आणलं असतं, तर मी..."

पुढचं तिनं ऐकलं नाही. ती डोकं वर करून भिंतीकडे बघत होती. मग हळू म्हणाली, "यंत्र विचारते, तेवीस हा नऊ अन् दहाच्या मधात आहे का. नाही. म्हणून ते म्हणते, ही यादी नाही." मग हसायला लागली, अगदी तू हसायचीस तशी, पदर तोंडाला न लावता. आणि मग माझ्याकडे बोट दाखवून म्हणाली, "मामा, हे तुमीच सांगतलं होतं!"

मी म्हणालो, मी शपथपत्राबद्दल सांगितलं होतं. पण बेबीताई, तुला लपवून काय करू: चोवीस दिवस ज्याच्या मागावर होतो तो माणूस शेवटी सापडला, आणि तो चहा घेऊन उभा होता. समता मला दोष देत नाही. म्हणते, तिनंच घाईत टाकलं, नंतर नीट करू म्हणून, आणि नंतर येईपर्यंत विसरली. ती चांगली मुलगी आहे. तिनं नवी पानं जोडली, माझी पट्टी घेतली आणि सगळ्यांना पुन्हा नंबर दिले. रिकामी यादी अकरावर आली, यादीचं घराणं नऊ ते अकरा झालं, पुढचे सगळे एकेक घर सरकले, कोणी हरकत घेतली नाही. (आमच्याकडे एका माणसाला एक घर सरकवायला तीन तारखा लागतात.) मग तिनं एक यादी देऊन पाहिली, घरातल्या माणसांच्या नावांची. यंत्र शेवटपर्यंत गेलं, रिकाम्या यादीच्या दाराशी थांबलं, आणि न पडता उत्तर दिलं: पाच. पहिलं नाव तुझं होतं.

तर माझा अहवाल असा, की पोरगी लपवते आहे ते खरं आहे, भिंतीवर कागद आहेत हेही खरं आहे, आणि टाइमपास नाही. झाडूवाला निर्दोष सुटला आहे. काय करायचं ते तू आणि भाऊजी ठरवा. मी आपला तुम्ही ठेवलेला हेर, मला मत नाही. भाऊजींना जयभीम, आणि त्यांना सांग की गुळातही साखर असते.

तुझा भाऊ,
देवानंद

ता. क. : मत नाही असं वर लिहिलं आहे, पण कागद शिल्लक आहे. तिला रविवारी बोलावू नकोस. तू म्हणशील, रविवारी यायचं, सोमवारी पहाटेच्या गाडीनं परत, त्यात काय. त्यात साडी, पोहे, अकरा पाहुणे आणि 'तुमचं पूर्ण नाव काय म्हणाले' आहे. दुसऱ्या दिवशी दहाला तिला तीन माणसांसमोर ताठ बसायचं आहे.

ता. क. दोन : जळगाव जामोदवाल्यांना मी काल संध्याकाळीच फोन करून सांगितलं की कार्यक्रम पंधरा दिवस पुढे गेला. कारण म्हणून तुझे गुडघे सांगितले. ते फार हळहळले. बहुधा तुला फोन करतील, तेव्हा स्पीकर बंद ठेव आणि जरा कण्हून बोल.

ता. क. तीन : पट्टीच्या मागे कंपनीचं नाव नाही. 'बे. गु.' आहे, ते तूच कंपासच्या टोकानं कोरलं होतंस. तू नववीत पहिली आलीस म्हणून बाबांनी मलकापूरहून तुला आणली, आणि आठवीत नापास होता होता वाचलेल्या मला काही आणलं नाही. दहावीच्या भूमितीच्या आदल्या दिवशी तुझ्या दप्तरातून ती मी काढली. तू त्रिकोण पॅडच्या कडेनं काढलेस. तू तुझ्या वर्गातल्या पुष्पावर संशय घेतलास, मी घेऊ दिला, आणि अडतीस वर्षं झाली, ती तुझ्या मागच्या गल्लीत राहते तरी तिच्या घरचा चहा तू पीत नाहीस. भूमितीत कमी पडलेल्या त्या मार्कांचा आणि पुढच्या वर्षी तुझं लग्न ठरण्याचा संबंध नाही असं मी स्वतःला बरीच वर्षं सांगत आलो आहे. पण परीक्षेच्या आदल्या दिवशी कोणाचं काही उचलू नये, एवढं मला माहीत आहे, म्हणून वरचे दोन ता. क. लिहिले. समताला सकाळी सगळं सांगितलं. तिची चौकटींची गरज संपली. माझ्यासाठी मी प्लास्टिकची घेतली आहे. तुझी पट्टी या पत्रासोबत नांदुऱ्याच्या गाडीच्या कंडक्टरजवळ देतो आहे. शून्याजवळचा एक मिलिमीटर माझ्या हातून झिजला. बाकीची मोजून घे.